पेराँ : एका फ्रेंच आडनावाचा प्रवास

दौंड-शिरूरकडील ख्रिस्ती घरांत डिसोजा, फर्नांडिस यांच्या शेजारी शिंदे, गायकवाडही नांदतात. फ्रेंच आडनाव मात्र आमच्या ऐकिवात नाही. वास्तविक शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनानी पेराँ दख्खनेत चांगलाच गाजला होता. त्याचे मूळ नाव प्येर क्युयिये. ‘प्येर’ म्हणजे आपला पेत्र. फ्रेंचमध्ये दगडालाही हाच शब्द आहे, आणि पेराँ हे त्या नावाचे लाडके रूप. घरचे आडनाव टाकून त्याने तेच धारण केले. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला तो शिंद्यांकडून लढला, तर निजामाकडून त्याचाच देशबांधव रेमाँ. पोटापुढे राष्ट्र कसले!

१८०३ च्या युद्धात पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला, पुढे फ्रान्सला परतला व १८३४ मध्ये वारला. आडनावही त्याच्यासोबत गेले. इकडे शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तेथे १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसला लोक चक्क सत्पुरुष मानू लागले!

पोर्तुगीज आडनावे टिकली, कारण ती शिपाईगिरीवर विसंबून नव्हती. गोव्यात ती बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून वा धर्मगुरूकडून मिळाली, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाल्यावर रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे स्थिरावली. शिंदे, गायकवाडांनी नवे नाव घेतले, आडनाव राखले. त्यांच्यातील प्रत्येक पेत्राचे नाव पेराँच्याच मुळाचे आहे.