मोटारसायकलीचे अग्रनिलंबन
मोटारसायकलीचे पुढचे चाक सांगाड्याला लवचीकपणे जोडणारी, रस्त्याचे धक्के शोषणारी आणि त्याच वेळी वाहनाला दिशा देणारी यंत्रणा. मोटारगाडीत सुकाणू, स्प्रिंग व ब्रेक यांची कामे बऱ्याच अंशी निरनिराळ्या भागांकडे सोपविता येतात. मोटारसायकलीत ती सर्व एकाच दुपायी जोडणीला, म्हणजे फोर्कला, करावी लागतात. हलक्या दुचाकीत यामुळे विशेष अडचण येत नाही. परंतु दोन माणसे व सामान घेऊन लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्या जड मोटारसायकलीत या कामांमधील परस्परविरोध उघड होतो. अग्रनिलंबनाचा इतिहास हा मुख्यतः हा विरोध मिटविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

तत्त्व : फोर्क सरळ उभा नसतो, तर मागे कललेला असतो. सुकाणूच्या अक्षाची रेषा खाली वाढविली असता ती जमिनीला जेथे मिळते, त्याच्या किंचित मागे टायर जमिनीला टेकतो. या दोन बिंदूंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. त्यामुळे चाक आपोआप सरळ दिशेत येऊ पाहते व वाहन स्थिर राहते. जड दूरप्रवासी मोटारसायकलींत फोर्कचा कल सामान्यतः २५° ते ३०° आणि ट्रेल सु. ९० ते १२० मिमी. असतो.

ब्रेक लावल्यावर ही मापे बदलतात. स्वारासह ४०० किग्रॅ. वजनाची, १·६ मी. चाकांतर असलेली आणि जमिनीपासून ०·६ मी. उंचीवर गुरुत्वमध्य असलेली मोटारसायकल घेतल्यास, गुरुत्वीय प्रवेगाच्या सात-दशांश इतक्या मंदनाने तिचा वेग कमी करताना मागच्या चाकावरील सु. १०५ किग्रॅ. भार पुढच्या चाकावर येतो. फोर्क कललेला असल्यामुळे खुद्द ब्रेकच्या बलाचाही एक घटक त्याला दाबतो. परिणामी गाडीचे तोंड खाली जाते, कल व ट्रेल कमी होतात आणि स्प्रिंगची हालचाल बरीचशी संपलेली असते. नेमक्या याच क्षणी खड्डा आला, तर तो शोषून घेण्यास वाव उरत नाही. स्प्रिंग ताठ केल्यास ही बुडी कमी होते, पण एरवीच्या प्रवासात प्रत्येक धक्का हँडलपर्यंत पोहोचतो व खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडू लागतो.

यांखेरीज दोन प्रकारची आंदोलने उद्‌भवू शकतात. पुढचे चाक व हँडल सेकंदास सु. ६ ते १० वेळा थरथरणे हा एक प्रकार. संपूर्ण वाहन सेकंदास सु. २ ते ४ वेळा सर्पगतीने डोलणे हा दुसरा. मागे उंचावर बांधलेले सामान, सैल झालेले बेअरिंग आणि वाकणारा फोर्क यांमुळे अशी आंदोलने बळावतात.

इतिहास : आरंभीच्या मोटारसायकलींचा फोर्क सायकलीप्रमाणे ताठ होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात समांतर दांड्यांचा गर्डर फोर्क प्रचारात आला. त्यात स्प्रिंग सांगाड्याच्या डोक्यापाशी असे आणि आंदोलने थांबविण्याचे काम घर्षणाच्या चकत्या करीत. इंग्लंडमधील ॲल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ मध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा प्राथमिक फोर्क वापरला. त्यात तेलाचे संदमन नव्हते. तेलाने संदमन केलेला दूरदर्शकी फोर्क, म्हणजे टेलिस्कोपिक फोर्क, बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९३५ मध्ये आर १२ व आर १७ या गाड्यांवर आणला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या मॅचलेस जी ३ एल या गाडीवर १९४१ पासून तशाच प्रकारचा फोर्क आला आणि युद्धानंतर गर्डर फोर्क झपाट्याने मागे पडला.

दूरदर्शकी फोर्क स्वस्त, सुटसुटीत व लांब हालचाल देणारा होता. परंतु ब्रेक लावताना होणारी बुडी हा त्याचा अंगभूत दोष होय. त्यावर अर्ल्स यांच्या फोर्कचा उपाय पुढे आला. त्यात चाक एका आडव्या, मागे खिळलेल्या भुजेवर बसविलेले असते व ब्रेक लावल्यास गाडीचे तोंड बुडण्याऐवजी थोडे वर उचलले जाते. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात तो वापरला. मात्र त्याच्या वस्तुमानामुळे हँडल जड होई. म्हणून त्या कंपनीने पुन्हा दूरदर्शकी फोर्क स्वीकारला.

होंडा गोल्डविंग ही सु. १,००० घ. सेंमी. एंजिनाची गाडी १९७५ मध्ये विक्रीस आल्यानंतर जड दूरप्रवासी मोटारसायकलींचा स्वतंत्र वर्ग दृढ झाला. १९८० नंतरच्या दशकात अनेक जपानी कंपन्यांनी ब्रेक लावताच तेलाची वाट आवळणारी बुडीरोधक झडप बसविली. ज्या क्षणी फोर्क मोकळा हवा त्याच क्षणी ती तो ताठ करी. त्यामुळे ही योजना फार काळ टिकली नाही. अधिक मूलगामी उत्तर १९९३ मध्ये बीएमडब्ल्यू आर ११०० आरएसच्या टेलिलिव्हर योजनेत मिळाले. तीत नळ्या केवळ चाकाला मार्गदर्शन करतात, तर भार एक आडवी भुजा व वेगळा धक्काशोषक पेलतात. नॉर्मन हॉसॅक यांच्या कल्पनेवर आधारलेली ड्युओलिव्हर योजना २००४ मध्ये के १२०० एस या गाडीवर आली. गोल्डविंगनेही २०१८ च्या प्रतिमानात दूरदर्शकी फोर्क सोडून दुहेरी भुजांची रचना स्वीकारली. या योजना महाग व गुंतागुंतीच्या असल्यामुळे बहुसंख्य मोटारसायकलींवर दूरदर्शकी फोर्कच कायम राहिला आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतात दूरप्रवासाची परंपरा रॉयल एन्फील्ड बुलेटने घातली. तिची जोडणी १९५५ मध्ये मद्रास येथे सुरू झाली. २०१६ च्या हिमालयन या गाडीला पुढे २०० मिमी. हालचालीचा फोर्क मिळाला. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण बजाज डॉमिनर ४०० हे आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार झालेली ही गाडी २०१६ मध्ये ४३ मिमी. व्यासाच्या साध्या दूरदर्शकी फोर्कसह आली. २०१९ मध्ये तिला ४३ मिमी.चा उलटा फोर्क देण्यात आला. उलट्या फोर्कमध्ये जाड बाहेरची नळी वरच्या पकडींत बसते. वाकविणारे बल तेथेच सर्वाधिक असल्यामुळे फोर्क कमी वाकतो व वळणावर गाडी स्वाराच्या इच्छेनुसार अधिक अचूक वळते.

हा उद्योग ज्या पट्ट्यात वाढला, त्यात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मध्यभागी येते. पुणे व चाकणच्या बाजूस वाहननिर्मिती आहे, तर छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही फोर्क व धक्काशोषक बनविणारी कंपनी आहे. खुद्द अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचा, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये समावेश होतो. जिल्ह्यातील रस्तेही निलंबनाची कसोटी पाहणारे आहेत. सावेडी उपनगरातून जाणारा नगर–मनमाड रस्ता खड्ड्यांमुळे दीर्घकाळ चर्चेत राहिला. पुणे–नाशिक रस्त्यावरील संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटात उतार, वळण व ब्रेक यांचा भार पुढच्या चाकावर एकदम येतो.

सुधारणा : जड मोटारसायकलीचा ताबा सुधारण्यासाठी महाग फोर्क बसविणे हा पहिला उपाय नव्हे. प्रथम टायरमधील हवा, सुकाणूचे बेअरिंग व चाकांची एकरेषता तपासावी लागते. त्यानंतर स्वार व सामान यांच्या वजनाने फोर्क किती खचतो ते मोजतात. हे खचणे एकूण हालचालीच्या साधारणतः एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश असावे. ते अधिक असल्यास भाराला योग्य अशी ताठ स्प्रिंग लागते. केवळ घट्ट तेल घालून मऊ स्प्रिंगची उणीव भरून निघत नाही. कारण तेल हालचालीचा वेग आवरते, भार पेलत नाही. फार घट्ट तेलाने लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क पूर्ववत होण्याआधीच पुन्हा दाबला जातो. पुढे केलेल्या बदलाशी मागचा धक्काशोषकही जुळवावा लागतो. मागील भाग जास्त खचल्यास ट्रेल वाढून हँडल जड होते आणि पुढच्या चाकावरील भार घटल्यामुळे डोलण्याची प्रवृत्ती वाढते.

उत्पादकाच्या विनिर्देशांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत. या निर्बंधामागे तांत्रिक कारणही आहे. लांब वा आखूड फोर्क बसविल्यास कल, ट्रेल व गुरुत्वमध्य ही तिन्ही मापे एकाच वेळी बदलतात आणि सपाट रस्त्यावर सुखकर वाटणारी गाडी घाटात ब्रेक लावताच अनपेक्षितपणे वागू शकते. म्हणून मूळ मापे कायम ठेवून स्प्रिंग, तेल व भार यांचा मेळ घालणे हाच सर्वसाधारण स्वारासाठी अधिक सुरक्षित मार्ग होय.