वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर जेवण का जात नाही? १८८१ पासूनचा इतिहास

वजन कमी करण्याचे ऑपरेशन, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, झालेल्या अनेकांना पहिले काही महिने जेवणाचीच धास्ती वाटते. घास अडकतो, मळमळते, गोड खाल्ले की घाम फुटतो. त्यात घरचे म्हणतात, "एवढ्याशा जेवणाने अंगात ताकद कशी येणार?" मग आपलेच काहीतरी चुकतेय असे वाटू लागते.

पण हा त्रास तुमच्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही. डॉक्टर तो जवळजवळ दीडशे वर्षे अभ्यासत आहेत.

सुरुवात कॅन्सरपासून

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या सर्जनने एका महिलेच्या जठराचा कॅन्सरग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. अशा ऑपरेशननंतर रुग्ण वाचण्याची ही पहिलीच वेळ. कॅन्सर पुन्हा उलटल्याने ती काही महिन्यांनी गेली, पण जठर कापूनही माणूस जगू आणि खाऊ शकतो हे सिद्ध झाले. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी तर एका रुग्णाचे पूर्ण जठर काढले. ती रुग्ण त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ जगली.

पुढे अल्सरसाठीही अशी ऑपरेशने सर्रास होऊ लागली आणि एक नवीच तक्रार पुढे आली. जेवल्यावर थोड्याच वेळात छातीत धडधड, घाम, चक्कर, पोटात मुरडा आणि जुलाब.

'डम्पिंग' म्हणजे काय?

१९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी एक्स-रेखाली पाहिले, की अशा रुग्णांचे जठर फार भराभर रिकामे होते. १९२२ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मिक्स यांनी त्याला 'डम्पिंग' म्हटले. डंपर खडी एकदम ओततो, तसे अन्न लहान आतड्यात ओतले जाते.

एरवी जठर अन्न घुसळून थोडे थोडे पुढे सोडते. तो दरवाजा काढला किंवा टाळला, की गोड पदार्थ थेट आतड्यात पोहोचतात, तिथे पाणी खेचून घेतात आणि १०-३० मिनिटांत त्रास सुरू होतो. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन थरथर होते. म्हणूनच बायपासनंतर उसाचा रस, जिलेबी किंवा श्रीखंड बाधू शकते. स्लीव्हमध्ये हा त्रास तुलनेने कमी असतो, पण होऊ शकतो.

त्रासातून सापडलेला उपचार

आयोवा विद्यापीठातील सर्जन एडवर्ड मेसन यांनी पाहिले, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढतच नाही. त्यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. जुन्या ऑपरेशनचा दुष्परिणाम हाच नव्या ऑपरेशनचा हेतू ठरला. त्यामुळे थोड्याशा जेवणाने पोट भरणे ही बिघाडाची खूण नाही. ऑपरेशन त्यासाठीच केलेले असते.

१९८० च्या सुमारास मेसन यांनीच जठराचा छोटा कप्पा करून त्याच्या तोंडाशी पट्टी बसवण्याची पद्धत आणली. त्यात घट्ट अन्न अडकायचे. मग कित्येक रुग्ण सहज उतरणाऱ्या आइस्क्रीम आणि मिल्कशेककडे वळले आणि वजन परत वाढले. हा धडा आजही लागू आहे. भाकरी अडकते म्हणून बिस्किटे चहात बुडवून खाणे, हा त्यावरचा उपाय नाही.

उलट्या होत राहिल्या तर

हा भाग मात्र नीट वाचा. बिलरोथ यांनी ते ऑपरेशन केले त्याच १८८१ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका आजाराचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांपैकी एक होती वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी. तिने सल्फ्युरिक अ‍ॅसिड प्यायल्याने जठराचे तोंड आकसले होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. पुढे तिच्या डोळ्यांची हालचाल बिघडली, तोल जाऊ लागला, भान हरपले आणि ती दगावली.

याचे कारण म्हणजे थायमिनची (व्हिटॅमिन बी-१) कमतरता, हे बऱ्याच वर्षांनी कळले. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या झाल्या तर आजही हाच आजार होऊ शकतो. वेळेत थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर तो टाळता येतो.

अशक्तपणा वाटला की परस्पर ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. थायमिन न देता दिलेले ग्लुकोज अशा वेळी मेंदूचे नुकसान वाढवू शकते. कुठेही गेलात तरी तुमचे ऑपरेशन झाले आहे हे आधी सांगा.

गोळ्या आयुष्यभर का?

१९२० च्या दशकात बोस्टनचे विल्यम कॅसल स्वतः मांस खाऊन, तासाभराने ते पोटातून बाहेर काढून, एका विशिष्ट रक्तक्षयाच्या रुग्णांना नळीने देत. त्याने रुग्णांचे रक्त सुधारे. नुसत्या मांसाने फरक पडत नसे. जठरात एक असा घटक तयार होतो, ज्याशिवाय बी-१२ अंगी लागत नाही, हे यातून उलगडले. बायपासमध्ये अन्न जठराचा तोच भाग टाळून जाते. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ आधीच कमी असू शकते. म्हणून बरे वाटतेय म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने थांबवू नका.

रोजच्या जेवणात काय कराल?

- छोटा घास घ्या, अगदी बारीक चावा. जेवण २०-३० मिनिटे चालू द्या.
- पोट भरल्याची जाणीव झाली की थांबा. "एकच घास" हा आग्रह नम्रपणे नाकारा.
- पाणी जेवणासोबत नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट-घोट प्या.
- आधी प्रथिने: घट्ट वरण, पनीर, अंडे, मासे. मग भाजी, शेवटी पोळी-भात.
- कोरडी पोळी, चिकट भात, ताजा पाव अडकत असेल तर काही आठवडे थांबून पुन्हा थोडे खाऊन पाहा.

लगेच डॉक्टरांकडे जा: दिवसभर उलट्या, पाणीही न टिकणे, एकाची दोन दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे, पोटात तीव्र वेदना, ताप किंवा काळी शौचास होणे. यांपैकी काहीही 'ऑपरेशननंतर होतंच' म्हणून अंगावर काढू नका.

बाकी त्रास बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. तो होईपर्यंत आहारतज्ज्ञ आणि तुमचे सर्जन यांच्या संपर्कात राहा, आणि काय खाल्ल्यावर काय झाले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत ती वही सोबत आणा.