साबुदाणा, साल आणि हिवतापाची लस

मी पशुवैद्य. नोकरीची बरीच वर्षं घोड्यांच्या पागेत गेली. धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन आम्ही त्यांच्या रक्तातून काढायचो. त्यासाठी घोड्यांना लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मानेवरून तळहात फिरवायचा, कुठे गरम लागतं का बघायचं. सूज दिसली की मोतद्दार हळहळायचे. मला मात्र गास्तों रामों आठवायचे.

रामोंही पशुवैद्यच. पॅरिसजवळ गार्शला पाश्चर संस्थेच्या पागेत ते घटसर्पाचं विष निष्प्रभ करून घोड्यांना टोचत. ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होई, त्याच्या रक्तात अँटिटॉक्सिन जास्त निघे. मग १९२५च्या सुमारास त्यांनी लशीत मुद्दाम टॅपिओका मिसळून पाहिला. टॅपिओका म्हणजे आपल्या उपासाचा साबुदाणा! अँटिटॉक्सिन वाढलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ग्लेनी या संशोधकांनी तुरटी वापरली, आणि माणसांच्या लशींत कित्येक दशकं अ‍ॅल्युमिनियमचेच क्षार राहिले. लशीच्या या सोबत्याला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मदत करणं.

हिवतापापुढे तुरटीचं बळ अपुरं पडलं. डास चावला की तासाभरात परजीवी यकृतात शिरतो. त्याला रक्तातच गाठायचं तर प्रतिपिंडं भरपूर हवीत आणि आधीपासून तयार हवीत. आरटीएस,एस ही लस अमेरिकेत स्वयंसेवकांना तीन मिश्रणांतून दिली आणि नंतर त्यांना हिवतापाचे डास चावू दिले. निकाल १९९७ साली छापून आले. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाने ८ पैकी १ जण वाचला, नुसत्या तेल-पाण्याच्या मिश्रणाने ७ पैकी २. तिसऱ्या मिश्रणाने ७ पैकी ६! लस तिन्हींत एकच होती. ते आकडे मी आजही बोटांवर मोजतो.

त्या तिसऱ्या मिश्रणात एक जिवाणूजन्य घटक होता आणि क्यूएस-२१ होतं. हे क्यूएस-२१ चिलीतल्या कियाय झाडाच्या सालीतून येतं. साल पाण्यात घुसळली की रिठ्यासारखा फेस येतो. तिथले लोक तिने कपडे धूत. फेस करणारं द्रव्य तेच, सॅपोनिन. ते माणसांच्या लशीत येण्याआधी, १९७०च्या दशकात, डेन्मार्कच्या डाल्सगार्ड यांनी सालीचा शुद्ध अर्क काढून गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लशीत वापरला होता. इथेही आधी जनावरंच. ही गोष्ट सांगताना लोक त्यांना विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

सॅपोनिन तसंच टोचलं तर रक्तपेशी फोडतं. कोलेस्टेरॉलबरोबर बांधलं की तो उपद्रव आवरतो, मदत मात्र टिकते. मॅट्रिक्स-एम या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये ते असंच सूक्ष्म जाळीदार कणांत बसवलेलं असतं. ऑक्सफर्डची हिवतापावरची आर२१ लस त्याच्याच सोबतीने दिली जाते, आणि ती तयार होते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. १५ जुलै २०२४ला आयव्हरी कोस्टमध्ये ती बाळांना टोचायला सुरुवात झाली.