म्युनिकची उलटसुलट वाट
विंडोज घ्यावी की लिनक्स, असं कुणी विचारलं की मी जर्मनीतल्या म्युनिकची गोष्ट सांगतो. २००३ मध्ये तिथल्या महापालिकेनं लिनक्स स्वीकारायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर जातीनं महापौरांना भेटले, पण उपयोग झाला नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. मात्र बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. २०१७ मध्ये पालिकेनं पुन्हा विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. यावरून लिनक्स वाईट, असं मी म्हणणार नाही. आपली निवड शेजाऱ्याच्या संगणकावरही अवलंबून असते, एवढंच. म्हणून श्रोतेहो, आपला मजकूर कुठल्याही यंत्रणेत उघडेल अशा स्वरूपात जपा. मग विंडोज असो वा लिनक्स, निवड आपल्याच हाती राहते.