मंडपेश्वर

मुंबई उपनगर जिल्ह्यातील शैव लेणे आणि त्याच्या माथ्यावरील फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष. स्थान बोरिवली पश्चिमेस, दहिसरच्या वेशीजवळ. लेणे साधारणपणे आठव्या शतकातले, जोगेश्वरीनंतरचे मानले जाते. ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे.

वसाहतकालीन फ्रान्सिस्कन मिशन म्हटले की मेक्सिको, कॅलिफोर्निया आठवतात. संत फ्रान्सिसच्या त्याच संघाचे पाद्री मंडपेश्वर ज्यावर आहे त्या साष्टी बेटावरही आले होते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर काही वर्षांनी आंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मंडपेश्वराचे लेणे ताब्यात घेऊन त्याचे चर्च केले. देवस्थानाचे उत्पन्नही तिसऱ्या जुआंव राजाच्या आज्ञेने मिशनकडे वळले. मूर्ती गेली त्याहून हा घाव खोल होता. पूजाअर्चेची मिळकतच तुटली.

लेण्यावरच्या टेकाडावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची आणि पोरकी मुले तिथे राहत. धर्मशिक्षण, लिहिणे-वाचणे आणि प्रार्थनागीते यांत त्यांचा दिवस जाई. खाली कातळात कोरलेले चर्च, वर निवास आणि शाळा, भोवती मिशनला लावून दिलेल्या गावांची शेती, अशी ही घडी होती. हाच आंतोनिओ दो पोर्तो कान्हेरी लेण्यांतल्या एका भुयारात मशाली, दोर आणि शिधा घेऊन सात दिवस चालत राहिला, पण त्याला शेवट सापडला नाही, अशी हकिगत दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

१५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती, त्यामुळे ही साठ वर्षे मंडपेश्वराचा मठही त्याच्याच छत्राखाली होता.

१७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि मठाचे दिवस संपले. १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली.

आज टेकाडावर मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. खाली गाभाऱ्यातल्या शिवलिंगाची पूजा होते आणि महाशिवरात्रीला रांग लागते. जवळच माउंट पॉइन्सरचे निष्कलंक मातेचे चर्च नांदते आहे. लेण्यातला नटराज झिजला, फुटला, तरी नृत्याचा डौल अजून ओळखू येतो. तिथून डावीकडच्या भिंतीपाशी जावे. मूळ शिल्पाच्या जागी कातळातच कोरलेला मोठा क्रूस तिथे आहे. दोन्ही कामे एकाच दगडातली, आणि छिन्नीच्या खुणा हाताला लागतात.