पिस्तुलाचें म्यान आणि कायदा

तलवार म्यानांत असली तरी ती कमरेस आहे हें चारचौघांना दिसतें. पिस्तूल मात्र अंगरख्याच्या आंत सहज दडतें. या एका फरकांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दोन शतकांचा कायदेशीर वाद जन्मास आला, आणि त्यांत होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचें चामडी म्यान, या साध्या वस्तूस मोठें महत्त्व प्राप्त झालें.

१८१३ सालीं केंटकी व लुइझियाना या राज्यांनीं शस्त्र लपवून बाळगण्यास मनाई केली. उघड बाळगण्यास हरकत नव्हती. शस्त्र दाखवून चालणारा समोरच्यास सावध करतो, लपविणाऱ्याच्या मनांत घात असतो, अशी त्या काळची समजूत होती. १८४६ सालीं जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानें हाच भेद मान्य केला. लपविण्यावरील बंदी कायम ठेवली, उघड बाळगण्यावरील बंदी रद्द केली.

आरंभीं घोडेस्वारांचीं जड पिस्तुलें खोगिराच्या पुढच्या बाजूस लटकत. कोल्टनें १८३६ सालीं आपल्या फिरत्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें, १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, आणि पुढील दशकांत हें हत्यार कमरपट्ट्यास आलें. लष्करी म्यानास झांकण असे. त्यामुळें दारू पावसापासून व धुळीपासून सुरक्षित राही, परंतु पिस्तूल उपसण्यास वेळ लागे. नागरिकांनीं उघड्या तोंडाचें म्यान पसंत केलें. सोय वाढली, तशी क्षणिक रागाच्या भरांत गोळी सुटण्याची भीतिही वाढली.

यादवी युद्धानंतर कायदा अधिक कडक झाला. टेक्सासनें १८७१ सालीं अंगावर, खोगिरावर किंवा खोगिराच्या पिशवींत पिस्तूल बाळगण्यासच, थोडे अपवाद सोडून, बंदी केली. आर्कान्सानें १८८१ सालीं लष्करी बनावटीचें पिस्तूल बाळगण्यास मुभा दिली, पण अट विलक्षण होती: तें उघडें असावें आणि हातांत असावें! १८८२ सालीं हेल नांवाच्या इसमाचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. त्याचें पिस्तूल कमरेस बांधलेलें आणि सर्वांस दिसत होतें. तरी शिक्षा कायम झाली. खऱ्या किंवा काल्पनिक अपमानासाठीं सदैव सज्ज राहून सोयीनें हिंडतां यावें, हा शस्त्राधिकाराचा हेतु नव्हे, असा न्यायालयाचा आशय होता.

ॲरिझोनांतील टूम्स्टोन गांवानेंही १८८१ च्या एप्रिलमध्यें गांवांत शस्त्र बाळगण्यास मनाई केली. आलेल्यानें तें काढून ठेवावें, असा नियम होता. २६ ऑक्टोबर रोजीं ओ. के. कोरलजवळ झालेली प्रसिद्ध चकमक, जींत तिघे ठार झाले, ती कांहीं जणांचीं शस्त्रें काढून घेण्याच्या प्रयत्नांतून उद्भवली. चित्रपटांतील पश्चिमेंत प्रत्येकाच्या कमरेस म्यान दिसतें. खऱ्या पश्चिमेंतील अनेक गांवांनीं तें वेशीवरच थांबविलें होतें.

काळाचें चक्र पुढें उलटें फिरलें. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासनें परवानाधारकांस पिस्तूल उघड बाळगण्याची मुभा दिली, मात्र तें खांद्याच्या किंवा कमरेच्या म्यानांतच असावें लागे. २०२१ सालीं 'खांदा' व 'कमर' हे शब्द गळले आणि सामान्यतः परवान्याची गरजही उरली नाहीं. म्यानाची अट राहिली. ज्या म्यानामुळें हेलला शिक्षा झाली, तेंच येथें निर्दोषपणाची खूण ठरलें. चामडें तेंच आहे. दिसणारें शस्त्र इशारा मानावें कीं धमकी, याविषयींचा समाजाचा निर्णय मात्र वेळोवेळीं बदलत आला आहे.