बखरीवरून बखर

छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबाने १६८९ साली ठार केले. त्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, १८१० च्या आसपास, साताऱ्याच्या दरबारातील मल्हार रामराव चिटणीस यांनी छत्रपती घराण्याची चरित्रे लिहिली. दफ्तर त्यांच्या हाताशी होते, हे खरे. पण जिथे कागद तुटला तिथे ऐकीव कथा आली, आणि जिथे कथाही धड नव्हती तिथे ‘असे झाले असावे’ याचे ‘असे झाले’ होऊन बसले. चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज. बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ साली कटाच्या संशयावरून देहदंड दिला होता. उतावळा, व्यसनी, कलुशाच्या मुठीतला संभाजी या बखरीत अवतरला, त्यात या घरच्या जुन्या जखमेचा वाटा असल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे.

या प्रतिमेचा पुढचा प्रवास अधिक विलक्षण आहे. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफने चिटणिसांचे लेखन आधारासाठी वापरले. त्याचा इंग्रजी इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचे मराठी भाषांतर सिद्ध केले. त्याचे नाव काय, तर ‘मराठ्यांची बखर’! म्हणजे साताऱ्याची बखर इंग्रजीत गेली आणि इंग्रजीचे पाणी पिऊन पुन्हा बखर होऊन घरी परतली. मूळ साक्षीदार एकच. वाचकाला मात्र ते तीन भासले. पुढे नाटककारांनी त्यावर रंग चढवला. हा गुंता उकलायला वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र आणि कमल गोखले यांचा १९७१ चा ‘शिवपुत्र संभाजी’ यावे लागले. दोघांनीही बखरीपेक्षा समकालीन कागदांवर भिस्त ठेवली.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे यंत्राला शिकवण्यासाठी यंत्रानेच घडवलेली विदा. तिला सिंथेटिक डेटा म्हणतात. आपण कृत्रिम विदा म्हणू. तिची गरज खरी आहे. मोडीचेच पाहा. लिप्यंतर न झालेले मोडी कागद चार कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. आणि २०२५ मध्ये रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरी करू पाहणाऱ्या यंत्रासाठी जो संच मांडला, त्यात देवनागरी वाचनासह प्रतिमा होत्या २,०४३. मोडी वाचणारे थोडे, कागद जीर्ण. अशा वेळी देवनागरी मजकूर मोडीच्या संगणकीय टंकात उतरवायचा, त्यावर डाग पाडायचे, ओळ तिरपी करायची, शाई फुटल्यासारखी दाखवायची; एका रात्रीत हजारो सराव-पाने तयार. त्यांचे अचूक वाचन आधीच ठाऊक असते आणि मूळ कागदाला हातही लागत नाही. रुग्णांच्या नोंदींसारख्या खाजगी विदेतही हा मार्ग उपकारक ठरू शकतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

अडचण पुढे आहे. टंकातला ‘क’ प्रत्येक वेळी तोच. कारकुनाचा ‘क’ सकाळी वेगळा, दिवेलागणीला वेगळा. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक नाही. पुसट जागी यंत्र अक्षर वाचत नाही, संभाव्य शब्द बसवते. आणि संभाव्य म्हणजे सरावाच्या मजकुरात जो वारंवार आला तो. इतिहासाला नेमके उलटे हवे असते. एखाद्या पत्राचे मोल त्यात अनपेक्षितपणे आलेल्या एका अनोळखी पाटलाच्या नावात असते. ते नाव गुळगुळीत होऊन ओळखीचे झाले आणि तो पाठ पुढच्या यंत्राच्या सरावात शिरला, की चिटणीस, डफ, केपन हीच साखळी पुन्हा सुरू.

ही नुसती अध्यापकी भीती नव्हे. २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात प्रत्येक पिढीचे यंत्र आधीच्या पिढीच्या लिखाणावर पोसले गेले. विरळ गोष्टी आधी लोपल्या. मध्ययुगीन चर्चच्या बांधकामाविषयीचा मजकूर नवव्या पिढीत रंगीबेरंगी शेपट्यांच्या सशांवर येऊन ठेपला! (आपल्या बखरकारांनी निदान इतकी मजल मारली नव्हती.) मात्र अस्सल विदा टाकून न देता कृत्रिम विदा तिच्या जोडीला ठेवली तर ही घसरण टळते, असेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले.

जोडीला ठेवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मिरजेच्या शाळेत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे १८९७ पासून पटवर्धनी दफ्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापू लागले आणि १९२४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. शास्त्रीबुवांचे निवेदन वेगळे, पत्र वेगळे; निवेदन पटले नाही तर वाचकाने पत्राकडे जावे. आज मोडीची सराव-पाने घडवायचीच असतील, तर मजकूर यंत्राकडून का रचून घ्यावा? खरेशास्त्र्यांनी छापलेली पत्रेच टंकात उतरवावीत. चित्र कृत्रिम असेल, पण भाषा अठराव्या शतकातली, लिहिणारे खरे असतील. परीक्षेला मात्र यंत्राला रुमालात बांधलेल्या, कधीच न छापलेल्या कागदापुढे बसवावे; आणि शाई फुटलेल्या जागी त्याने नाव न सांगता जागा कोरी सोडली, तर तिथे पूर्ण गुण द्यावेत.